सैनिकाच्या थडग्याची दिवाबत्ती : खडकीच्या युद्ध दफनभूमीचा इतिहास

पुण्यात खडकीला मुळा रोडवर जी युद्ध दफनभूमी आहे, ती कुठल्याही रणांगणावर उभी राहिलेली नाही. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ रोजी. तिच्यात पडलेल्यांचा या जागेशी काही संबंध नाही. इथली १,६६८ थडगी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहेत, आणि त्या युद्धात पुण्याच्या आसपास एकही लढाई झाली नव्हती. पश्चिम आणि मध्य भारतात ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतले जे सैनिक मरण पावले, त्यांना जागोजागी मिळेल त्या दफनभूमीत पुरले गेले होते. त्यांतली जी थडगी कायमची सांभाळली जातील अशी खात्री वाटेना, ती उचलून एका ठिकाणी आणण्यासाठी खडकीची जागा केली गेली. थडगे बांधणारे पुष्कळ असतात, पण शंभर वर्षांनी त्यावरचे गवत कोण काढणार, हा प्रश्न अवघड असतो. खडकीची दफनभूमी त्या प्रश्नातून जन्माला आली.

हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नव्हता. गावच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ ही इथली जुनी रीत. एका उभ्या दगडावर तीन-चार कप्पे कोरलेले असतात. सर्वांत खाली झुंज आणि पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतोवर ही आठवण राहो, असा त्याचा अर्थ. बोरिवलीजवळ एकसरला असलेल्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. पण बहुतेक वीरगळांवर नाव नसते. कोण पडला, कोणत्या लढाईत पडला, हे दोन-तीन पिढ्यांत विसरले जाते आणि दगड तेवढा राहतो. गावकरी त्याला शेंदूर लावतात, सणावाराला नारळ फोडतात. माणूस विस्मरणात गेला तरी निगा चालू राहते, हे वीरगळाचे वैशिष्ट्य.

सरदारांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या दहनाच्या जागी समाधी, वृंदावन किंवा छत्री उभी राही आणि तिच्या पूजेअर्चेची, दिवाबत्तीची सोय लावली जाई. त्यासाठी जमीन किंवा उत्पन्न तोडून दिलेले असे. महादजी शिंदे यांचे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला निधन झाले. तिथली शिंदे छत्री हे पुण्यातले या रीतीचे सर्वांत ठळक उदाहरण. दिवाबत्ती हा शब्द साधा वाटतो, पण त्यात स्मारकाचे सगळे व्यवहारज्ञान आहे. दगड एकदाच बसवायचा असतो, दिवा मात्र रोज लावावा लागतो, आणि तेलाचा खर्च कोणाच्या तरी नावावर टाकावा लागतो.

साध्या शिपायाच्या वाट्याला छत्री येत नसे. तो कामी आला तर त्याच्या मुलांना बालपरवेशी म्हणून नेमणूक करून देण्याची पद्धत मराठेशाहीत होती. मेलेल्यापेक्षा मागे उरलेल्यांची काळजी करणारी ही व्यवस्था आजच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची पूर्वज म्हणावी अशी आहे. शिपायाचे नाव दगडावर कोरावे, ही कल्पना मात्र तिच्यात नव्हती.

ती कल्पना पुण्याच्या परिसरात ठळकपणे दिसली भीमा कोरेगावला. १ जानेवारी १८१८च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तिथे जयस्तंभ उभारायचे ठरवले. २६ मार्च १८२१ रोजी त्याची पायाभरणी झाली. स्तंभावर मृतांची नावे कोरलेली आहेत. ती फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची नाहीत, त्यात देशी शिपायांचीही आहेत. एकूण ४९ नावांपैकी २२ महार सैनिकांची असल्याचे मानले जाते. ज्या समाजाला गावात पाणवठाही नाकारला जात होता, त्यातल्या माणसांची नावे दगडावर आली, याचे मोल त्या समाजाने बरोबर ओळखले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या चिन्हात हाच स्तंभ घेतला गेला. विजयाचे स्मारक म्हणून उभारलेल्या खांबाला पुढच्या पिढ्यांनी कोरलेल्या नावांमुळे जवळ केले.

पेशवाई गेल्यावर पुणे आणि खडकी या दोन्ही ठिकाणी छावण्या बसल्या. छावणी आली की गिरजाघर आले, आणि गिरजाघरामागोमाग दफनभूमी. त्या काळी छावणीत मरणारे लढाईपेक्षा पटकी, हिवताप, विषमज्वर अशा रोगांनीच जास्त मरत. अधिकाऱ्याच्या थडग्यावर मोठा चौथरा, कधी मनोरा, संगमरवरी पाटी. साध्या सोल्जराला बहुधा लाकडी क्रूस. पलटण दुसऱ्या गावी हलली की मागे राहिलेल्या क्रुसाकडे बघायला कोणी नसे. लाकूड दोन-चार पावसाळ्यांत कुजते. तेव्हा १९१४ पर्यंतचा नियम सरळ होता : ज्याच्या घरच्यांची ऐपत, त्याचे थडगे टिके.

पहिल्या महायुद्धाने हा नियम मोडला. फ्रान्सच्या आघाडीवर रेडक्रॉसच्या एका पथकाचे काम पाहणाऱ्या फेबियन वेअर यांनी सैनिकांच्या थडग्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यातूनच २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झाले. १९६० साली त्याचे नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन असे बदलले. खडकीची दफनभूमी याच आयोगाकडे आहे. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केनियन यांनी १९१८ साली आयोगाला जो अहवाल दिला, त्यातून पुढची तत्त्वे पक्की झाली. प्रत्येक मृताचे नाव थडग्यावर किंवा स्मारकावर असावे. दगड सगळ्यांना सारखा असावा. हुद्दा, वंश, धर्म यांवरून फरक करू नये. आणि ही व्यवस्था कायमची असावी. दगडाचे मापही ठरले : उंची २ फूट ८ इंच, रुंदी १ फूट ३ इंच. जनरल असो की खेचरवाला, माप तेच.

दफनभूमीत थडगी ४०च्या वर असतील तर रेजिनाल्ड ब्लूमफील्ड यांच्या आराखड्याचा दगडी क्रूस उभारायचा आणि हजाराच्या वर असतील तर एडविन लट्येन्स यांनी आखलेली स्मरणशिला ठेवायची, असा आयोगाचा साधारण संकेत. शिलेवर कोरायचे वचन आणि अनोळखी सैनिकाच्या थडग्यावरचा मजकूर निवडला रडयार्ड किपलिंग यांनी. किपलिंग मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेले. त्यांचा एकुलता एक मुलगा १९१५ साली लूसच्या लढाईत नाहीसा झाला आणि त्याचे थडगे त्यांना हयातीत सापडले नाही. इतरांच्या मुलांसाठी शब्द शोधताना या बापाच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करता येते.

यातली एक अट फार कडक होती : मृतदेह घरी नेता येणार नाही. युद्ध चालू असतानाच ही बंदी आली आणि युद्धानंतरही कायम राहिली. श्रीमंतांनी आपापली मुले उचलून न्यायची आणि गरिबांची परदेशात पडून राहायची, हे आयोगाला नको होते. ब्रिटनमधल्या अनेक आयांनी त्याविरुद्ध अर्ज केले, ४ मे १९२० रोजी पार्लमेंटात वाद झाला, पण तत्त्व टिकले. घरच्यांना एवढीच मुभा मिळाली की दगडाच्या तळाशी आपल्या पसंतीचा मजकूर कोरून घ्यावा. पहिल्या महायुद्धाच्या थडग्यांसाठी त्याची मर्यादा ६६ अक्षरांची होती आणि अक्षराला साडेतीन पेन्स आकारले जात. पुढे ही रक्कम ऐच्छिक केली गेली. आई-बापांना आपले सगळे दुःख ६६ अक्षरांत बसवावे लागे.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. तिथे १७ जुलै १८६२च्या कायद्याने राष्ट्रीय दफनभूमी सुरू झाल्या. आर्लिंग्टनला पहिला सैनिक मे १८६४ मध्ये पुरला गेला. पुढे तिथे निवृत्त सैनिकांना, त्यांच्या पती-पत्नीला आणि अज्ञान मुलांनाही जागा मिळू लागली. दोन्ही महायुद्धांनंतर अमेरिकी सरकारने कुटुंबाला विचारले : मुलगा तिकडेच राहू द्यायचा की घरी आणायचा? ब्रिटिश साम्राज्याच्या आयोगाने हा प्रश्न विचारलाच नाही. त्यामुळे खडकीत जो पुरला गेला तो कायमचा खडकीचा झाला.

आयोगाच्या दफनभूमीत कोणाला जागा मिळे, याचे नियमही नेमके होते. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या तारखांच्या आत, नोकरीत असताना मृत्यू आलेला असावा. मृत्यूचे कारण विचारले जात नसे. गोळी लागून मेलेला, हिवतापाने मेलेला, मोटार उलटून मेलेला, नदीत बुडालेला, सगळे सारखे. खडकीच्या दृष्टीने हा नियम महत्त्वाचा, कारण इथले मृत आघाडीपासून शेकडो कोस दूर मेले. मात्र तारखेच्या बाबतीत सवलत नव्हती. १ जानेवारी १९४८ रोजी मेलेला सैनिक या हिशेबात बसत नाही. सैनिकाच्या पाठीमागे हिंदुस्थानात येऊन इथेच मेलेली बायको आणि पाळण्यातले मूलही बसत नाही. ती थडगी छावण्यांच्या जुन्या दफनभूमींतच राहिली. त्यांच्याकडे लक्ष द्यायला १९७६ साली लंडनमध्ये एक स्वयंसेवी संस्था निघाली, दक्षिण आशियातल्या दफनभूमींसाठीची ब्रिटिश असोसिएशन. पण तिची साधने मर्यादित.

हिंदी सैनिकाच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन होई, म्हणून थडगे नसे. नाव कुठे कोरायचे? इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या दवाखान्यांत मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना जवळच्या टेकडीवर अग्नी दिला गेला आणि त्या जागी १ फेब्रुवारी १९२१ रोजी छत्री उभी राहिली. तिचे नाव छत्रीच आहे. वानवडीचा शब्द ससेक्सच्या टेकडीवर पोहोचला, आणि तोही साध्या शिपायांसाठी. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला हर्बर्ट बेकर यांच्या आराखड्याचे स्मारक १९२७ साली झाले. थडगे नसलेल्या ४,७००हून अधिक हिंदी सैनिकांची नावे तिथे आहेत.

मराठी मुलखाचा सर्वांत मोठा घाव मात्र मेसोपोटेमियात झाला. तिकडे गेलेल्या फौजेत सहावी डिव्हिजन होती, तिचे नावच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, बॉम्बे सॅपर्स म्हणजे लष्करी अभियंते होते. कूट-अल-अमारा इथे ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली. पुढच्या पायपिटीत आणि तुर्की कैदेत कित्येक मेले. थडगे नसलेल्या ४०,०००हून अधिक मृतांसाठी बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार फक्त आकडा लिहिला गेला. समानतेचे तत्त्व सांगणाऱ्या आयोगाने ज्या माणसांना आकड्यात बसवले, त्यांत सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतले शेतकऱ्यांचे मुलगे होते. याला कारकुनी अडचण म्हणून सोडून देता येत नाही. अशा शिपायांना नावाची गरज नाही, असे त्या काळच्या अधिकाऱ्यांना वाटत होते, हे त्यांच्याच कागदपत्रांतून पुढे आले. २२ एप्रिल २०२१ रोजी आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. अंदाजे ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान पद्धतीने झाले, आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नोंद नावाने झालीच नाही किंवा मुळीच झाली नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यांत बहुतांश आफ्रिका, मध्यपूर्व आणि हिंदुस्थानातले होते. आयोगाने त्याबद्दल माफी मागितली.

गावांकडे स्मरणाची वेगळी पद्धत झाली. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत लहान संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. चावडीच्या भिंतीत, शाळेच्या ओट्यावर, वेशीच्या कमानीत या पाट्या अजून सापडतात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. गावाने तेव्हापासून लष्करी परंपरा इतकी जपली की आज ते अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते. पाटीवर नाव नसले तरी गावाला नावे पाठ होती, हा वीरगळाचाच न्याय झाला.

दुसऱ्या महायुद्धात नावांच्या बाबतीत सुधारणा झाली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. दहन झालेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांसाठी इटलीतच सांग्रो नदीकाठी वेगळे स्मारक आहे.

याच युद्धात हिंदुस्थान हा स्वतःच मोठा लष्करी तळ झाला. मुंबई बंदरात फौजा उतरत आणि देवळालीसारख्या छावण्यांतून पुढे जात. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून जखमी आणि आजारी परत येत. पुण्याला जुनी छावणी, दवाखाने, खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने आणि सॅपर्सचे केंद्र, असा सगळा पसारा होता. जिथे जो मेला तिथे तो स्थानिक दफनभूमीत पुरला गेला. १९४७ साली राज्य बदलले, ब्रिटिश पलटणी गेल्या, छावण्यांतली गिरजाघरे ओस पडली. पन्नास गावांत विखुरलेली दोन-दोन, चार-चार थडगी पुढे कोण बघणार, हा प्रश्न आला. आयोगाने त्यावर एकत्रीकरणाचा उपाय काढला. भारतात दिल्ली, मद्रास, खडकी अशा मोजक्या जागा ठेवायच्या आणि जिथे कायमच्या निगेची खात्री नाही तिथली थडगी तिकडे हलवायची.

थडगे हलवणे हे काम जपून करावे लागते. आधी दफनाची नोंद आणि जागेचा नकाशा पडताळायचा. उकरताना सापडलेली ओळखीची चकती, बिल्ला, गुंडी नोंदवायची. अवशेष नव्या जागी पुरून तिथला विभाग, रांग आणि क्रमांक वहीत लिहायचा. एका आकड्याची चूक झाली तर एका आईला भलत्याच थडग्याचा फोटो जायचा. म्हणून या कामात वही ही कुदळीइतकीच महत्त्वाची. आयोगाच्या दफनभूमींत प्रवेशाजवळ एका बंद कोनाड्यात नोंदवही ठेवलेली असते. येणाऱ्याने ती काढायची, आडनाव शोधायचे, त्यापुढचा क्रमांक बघायचा आणि रांग मोजत जायचे.

दगडांच्या पुढ्यात फुलझाडांची अरुंद पट्टी असते. ती शोभेसाठी वाटते, पण तिला दुसरे काम आहे. मोकळ्या मातीवर पावसाचे टपोरे थेंब पडले की चिखल उडतो आणि कोरलेल्या अक्षरांत बसतो. दोन पावसाळ्यांत नाव वाचता येईनासे होते. ठेंगणी झुडपे लावली की शिंतोडे दगडापर्यंत जात नाहीत, आणि ती फार वाढू दिली नाहीत तर नावही झाकले जात नाही. पुण्याच्या पावसाळ्यात या पट्टीचे महत्त्व माळ्यालाच कळते. गवत कापणे, कडा सरळ राखणे, शेवाळ काढणे, झिजलेली अक्षरे पुन्हा कोरून घेणे, बारा महिने हेच काम. दिवाबत्ती ती हीच. तिचा खर्च ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत ही सहा सरकारे वाटून घेतात. ज्याच्या मृतांची थडगी जास्त, त्याचा वाटा जास्त. भारत या आयोगाचा सभासद आहे, ही गोष्ट खडकीत जाणाऱ्यांतल्याही थोड्यांना ठाऊक असते.

खडकीच्या आवारातच पहिल्या महायुद्धाचे एक वेगळे स्मारक आहे. त्यावर भारतात मेलेल्या १,८००हून अधिक सैनिकांची नावे आहेत. त्यांची थडगी भारत आणि पाकिस्तानातल्या नागरी आणि छावणीच्या दफनभूमींत होती, पण ती नीट राखणे शक्य राहिले नव्हते. म्हणजे बहुतेकांचा देह दुसरीकडे आणि नाव इथे. त्यातल्या ६२९ जणांचे मात्र अवशेषही इथे आहेत. ते मुंबईत शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलेले होते. मुंबईची दाटी वाढली, जागा कमी पडू लागली, आणि जून १९६२ मध्ये त्यांना खडकीला आणून पुन्हा पुरले गेले. जून म्हणजे पावसाचे तोंड. मेल्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी ही माणसे घाट चढून आली, आणि त्यांना निरोप द्यायला त्यांच्या घरचे कोणी असण्याचा संभव फार थोडा.

आवारात आणखी काही पाट्या आहेत, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जवळजवळ दोनशे सैनिकांच्या नावांच्या. ब्रह्मदेशाच्या जंगलात लढलेल्या जपानविरोधी फौजेत आफ्रिकी डिव्हिजन होत्या : पश्चिम आफ्रिकेच्या ८१ आणि ८२, पूर्व आफ्रिकेची ११. भारतात प्रत्यक्ष लढाईबाहेर ज्यांचा मृत्यू झाला, त्यांतल्या काहींची नावे खडकीला आली. नायजेरियातल्या किंवा केनियातल्या त्या तरुणांच्या गावी खडकी हे नाव कोणी ऐकले असेल, असे वाटत नाही. पुणेकरांनी तरी ती नावे वाचायला हवीत.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारच्या सुमारास इथे स्मरणाचा कार्यक्रम होतो, पुष्पचक्रे वाहिली जातात, बिगुल वाजतो. एरवी जागा शांत असते.

स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय सैनिकासाठी अशी राष्ट्रीय दफनभूमी किंवा दहनभूमी केली गेली नाही. १९६२, १९६५, १९७१ या युद्धांत पडलेल्यांचे अंत्यसंस्कार साधारणतः आघाडीजवळच उरकले जात. घरी तार येई, मागाहून ट्रंक आणि कधी अस्थी. १९९९च्या कारगिल युद्धापासून पार्थिव तिरंग्यात लपेटून थेट गावी आणण्याची प्रथा पक्की झाली, आणि तिने महाराष्ट्राच्या गावांतले चित्र बदलले. शाळेच्या मैदानावर चौथरा बांधला जातो, तालुका लोटतो, लष्कराची तुकडी शोक शस्त्र करते, हवेत फैरी झडतात, आणि घडी केलेला तिरंगा वीरपत्नीच्या किंवा वीरमातेच्या हाती दिला जातो. ब्रिटिश आयोगाने आयांना जे नाकारले होते, ते इथे मिळते : मुलगा घरी येतो.

नोकरी संपवून घरी आलेल्या माजी सैनिकाचे शेवटचे कार्य मात्र बहुतेक वेळा घरच्यांनाच करावे लागते. पुण्यात ते आपापल्या धर्माप्रमाणे वैकुंठ स्मशानभूमीत, कबरस्तानात किंवा चर्चच्या दफनभूमीत होते. पूर्ण लष्करी इतमाम हा सेवेत असताना मृत्यू आलेल्यांसाठी आणि निवृत्तांपैकी मोजक्यांसाठी. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात हत्या झाली, तेव्हा शहराने असा अंत्यविधी पाहिला. निवृत्त हवालदाराच्या अंत्ययात्रेला सहसा त्याच्याच पलटणीतले दोन-चार म्हातारे दोस्त येतात, छातीवर पदके लावून.

त्यानंतर कागदांचे काम सुरू होते, आणि ते सैनिकाच्या बायकोला फार जड जाते. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ म्हणजे मंजुरीचा आदेश, मृत्यूचा दाखला, बँकेचे पासबुक हे हाताशी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकाच्या वैयक्तिक नोंदींच्या आदेशात, तिचे नाव लागलेले असावे लागते. लग्नाच्या वेळी ते नोंदवायचे राहिले, किंवा माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांत घोळ झाला, तर कुटुंब निवृत्तिवेतन अडते. मग रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार : मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीतच. प्रत्येक जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय या कामात मदत करते. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यातच, घोरपडीला राष्ट्रीय युद्धस्मारकासमोर आहे. अंत्यविधीच्या खर्चासाठी ठराविक सैनिकांच्या कुटुंबांना अनुदानाची योजना आहे. सैनिकाने हयातीतच ही कागदपत्रे एका फाइलमध्ये लावून ठेवणे आणि बायकोचे नाव तपासून घेणे, हीच त्याची खरी तयारी.

घोरपडीचे ते स्मारक पुण्याच्या नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले. दिल्लीतले राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तिथे पंचवीस हजारांहून अधिक नावे ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली आहेत, हुद्दा आणि पलटणीसह. बसऱ्याला जे राहिले होते ते स्वतंत्र देशाने आपल्या मृतांसाठी केले. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांसाठी मात्र अजून आयोगाच्याच नोंदी चाळाव्या लागतात. त्या आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. शोधणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, नावे ब्रिटिश कारकुनांनी ऐकली तशी रोमन लिपीत उतरवली आहेत, त्यामुळे एकच आडनाव चार तऱ्हांनी लिहून पाहावे लागते. दुसरे, जिल्हे तेव्हाचे आहेत. आज रायगड असलेल्या गावासाठी कुलाबा शोधावे लागते, आणि कुडाळ किंवा मालवणच्या माणसाने, सिंधुदुर्ग १९८१ साली झाला हे ध्यानात ठेवून, आपला पणजोबा रत्नागिरीत शोधायचा असतो. नोंद सापडली तर तिच्यात अनेकदा बापाचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो, आणि शेवटी ते स्मारक किंवा थडगे कुठल्या देशात आहे, ते.